ध्रुवीय हिवाळ्यात ओझोन किती गेला? गोव्यातून मोजायला शिकणाऱ्यांसाठी

गोव्याच्या डोक्यावरचा ओझोन वर्षभर साधारण २५० ते २८० डॉब्सन एककांच्या (डोक्यावरच्या एकूण ओझोनचं माप, व्याख्या पुढे येईल) आसपास असतो. मार्चमधल्या आर्क्टिकवर तो एरवी ४०० किंवा त्याहूनही जास्त. आता एखाद्या मार्चमध्ये आर्क्टिकवर ३३० सापडला तर? आकडा आपल्यापेक्षा भरघोस, तरीही तिथला बराच ओझोन क्लोरिनने खाल्लेला असू शकतो. उलट, पणजीवर २५० दिसला म्हणून कोणी छिद्राची बातमी करायला धावू नये. ओझोन मुख्यतः उष्ण कटिबंधावरच तयार होतो, पण वरचे वारे तो ध्रुवांकडे वाहून नेतात, त्यामुळे आपल्याकडे कायमच कमी शिल्लक राहतो.

नवीन मुलं पहिल्यांदा अडखळतात ती इथेच. ओझोन मोजणं आणि ओझोनचा ऱ्हास मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. ऱ्हास म्हणजे जेवढा असायला हवा होता त्यातून जेवढा आहे तो वजा. दुसरा आकडा यंत्र देतं. पहिला कुठलंच यंत्र देत नाही, तो तुम्हालाच काढावा लागतो. पुढे जे लिहिलं आहे ते बहुतेक त्या पहिल्या आकड्यासाठी आहे.

हा लेख भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला पोचलेल्या, किंवा एमएस्सीचा प्रकल्प शोधणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. लॅपटॉप, थोडंफार पायथन आणि बरीच चिकाटी लागेल.

आधी कॅलेंडर लावा

दक्षिणेचा हिवाळा जून ते ऑगस्ट. इथे मृगाचा पाऊस सुरू होतो तेव्हा अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री केंद्रावर सूर्य उगवायचाच बंद झालेला असतो. मैत्री ७०.८ अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. आपल्याकडे चवथीची माटोळी बांधायची वेळ येते तोवर तिथे सूर्य परतलेला असतो आणि ऱ्हास सर्वांत वेगात चालू असतो. तळ गाठला जातो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला.

उत्तरेचा हंगाम डिसेंबर ते मार्च. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-आलेसुंद इथलं आपलं हिमाद्री केंद्र जवळजवळ ७९ अंश उत्तरेला, म्हणून तिथली रात्र लांब: ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. २००८ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रावर पूर्वी भारतीय चमू उन्हाळ्याच्या आसपास जायचे. डिसेंबर २०२३ पासून हिवाळी मोहीमही सुरू झाली. ओझोनवाल्यांसाठी ही मोठीच सोय.

फाइलींना नाव देताना उत्तरेचा हिवाळा '२०१९-२०' असा जोडवर्षाने आणि दक्षिणेचा नुसत्या '२०२०' असा लिहा. क्षुल्लक वाटेल, पण दोन्ही गोलार्धांची माहिती एकाच फोल्डरमध्ये आली की कळेल.

काय घडतं ते थोडक्यात

हिवाळ्यात ध्रुवावरचं स्थितांबर अंधारात थंड होत जातं आणि त्याभोवती पश्चिमी वाऱ्यांचं कडं तयार होतं. हाच ध्रुवीय भोवरा. आतली हवा बाहेरच्या हवेत फारशी मिसळत नाही. तापमान १९५ केल्विनच्या, म्हणजे उणे ७८ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की नायट्रिक आम्ल आणि पाणी यांचे कण तयार होतात, १८८ केल्विनच्या आसपास शुद्ध बर्फाचे. हे ध्रुवीय स्थितांबरी ढग. एरवी क्लोरिन हा हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरिन नायट्रेट अशा दोन निरुपद्रवी रूपांत अडकलेला असतो. या कणांच्या पृष्ठभागावर ती दोन रूपं एकमेकांशी भिडतात आणि क्लोरिन वायू मोकळा होतो. अंधारात तो नुसता पडून राहतो. सूर्य उगवला की फुटतो आणि ओझोनच्या मागे लागतो.

म्हणजे 'हिवाळ्यातला ऱ्हास' म्हणताना तयारी हिवाळ्यातली, आणि खरी तोडफोड प्रकाश आल्यावरची. मात्र भोवरा नेहमी ध्रुवावर मधोमध बसलेला नसतो. तो सरकून कमी अक्षांशांवर आला की ऐन जानेवारीतही त्याच्या कडेला ऊन मिळतं आणि ऱ्हास सुरू होतो. आर्क्टिकवर हे वरचेवर होतं.

क्लोरिनचा धोका रोलँड आणि मोलिना यांनी १९७४ मध्ये मांडला, ढगांच्या पृष्ठभागावरची रसायनं सुझन सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये. एवढा इतिहास इथे पुरे.

यंत्र निवडताना विचारायचा प्रश्न: अंधारात चालतं का?

डॉब्सनचं वर्णपटमापी यंत्र सूर्याच्या अतिनील किरणांतल्या दोन तरंगलांबी शेजारी ठेवून बघतं. उदाहरणार्थ ३०५.५ आणि ३२५.४ नॅनोमीटर. पहिली ओझोन जोरात शोषतो, दुसरी कमी. दोन्हींच्या तीव्रतेच्या गुणोत्तरावरून डोक्यावर एकूण किती ओझोन आहे ते निघतं. सगळा ओझोन ० अंश सेल्सियस आणि समुद्रसपाटीच्या दाबाला आणून थर केला, तर त्याच्या जाडीतला मिलिमीटरचा दर शंभरावा भाग म्हणजे एक डॉब्सन एकक. ३०० एकक म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर. ब्रुअरचं यंत्र याच घराण्यातलं, पण स्वयंचलित. दोघांनाही सूर्य लागतो आणि तो क्षितिजाला टेकलेला असेल तर ती गडबडतात. पौर्णिमेच्या आसपास चंद्रप्रकाशावर वाचन घेता येतं, पण महिन्यातले थोडेच दिवस, तेही आकाश निरभ्र असलं तर.

संधिप्रकाशात माथ्यावरच्या आकाशाचा दृश्य प्रकाश मोजणारी यंत्रं याहून पुढे जातात. सूर्य क्षितिजाखाली नुकताच गेलेला असतानाही त्यांना वाचता येतं. पण ऐन ध्रुवीय रात्रीत तीही आंधळी.

उपग्रहांचंही तेच. परावर्तित सूर्यप्रकाश वाचणारी उपकरणं ध्रुवीय रात्रीवर काहीच पाहत नाहीत. नकाशावर मध्यभागी जो काळा किंवा राखाडी गोल दिसतो तो ओझोन छिद्र नसून माहितीचा अभाव असतो. दरवर्षी कोणीतरी त्याचा फोटो 'बघा केवढं भोक' म्हणून पाठवतोच. अवरक्त आणि सूक्ष्मतरंग उत्सर्जन वाचणाऱ्या उपकरणांना मात्र दिवसरात्र सारखेच. त्यांतलं नवशिक्याच्या सर्वांत कामाचं म्हणजे २००४ मध्ये सोडलेल्या ऑरा उपग्रहावरचं मायक्रोवेव्ह लिंब साउंडर. ते ओझोनबरोबरच हायड्रोजन क्लोराइड, क्लोरिन मोनॉक्साइड, नायट्रिक आम्ल आणि नायट्रस ऑक्साइड यांचंही उंचीनुसार प्रमाण देतं. पुढे या सगळ्यांची गरज पडणार आहे.

आणि उरला फुगा.

ओझोनसोंड: हाताने करायचं काम

फुग्याला बांधून सोडायच्या या डबीत दोन छोटे कक्ष असतात, दोन्हींत प्लॅटिनमची जाळी आणि पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण. ऋणाग्राच्या कक्षात सौम्य, धनाग्राच्या कक्षात संपृक्त. टेफ्लॉनचा पंप बाहेरची हवा ऋणाग्राच्या कक्षात बुडबुडे करून सोडतो. ओझोनच्या एका रेणूमागे आयोडिनचा एक रेणू सुटतो आणि तारेतून दोन इलेक्ट्रॉन वाहतात. विद्युतप्रवाह मोजला की ओझोन मोजला. १९६० च्या दशकातली कल्पना, अजून हिला तोड नाही.

उड्डाणाच्या काही दिवस आधी कोऱ्या पंपातून आणि नळ्यांतून ओझोननिर्मितीच्या दिव्यावरची तीव्र ओझोनची हवा अर्धा तास कोरडीच फिरवतात. नळीच्या आत जे काही ओझोन खाणारं असेल ते आधीच पोट भरून शांत व्हावं म्हणून. मग द्रावणं भरायची. आधी ऋणाग्राचा कक्ष, ३ मिलिलिटर. काही मिनिटं थांबून धनाग्राचा, दीड मिलिलिटर. क्रम उलटा करू नका. धनाग्राचं संपृक्त द्रावण दोन कक्षांमधल्या पुलातून कोरड्या ऋणाग्राकडे झिरपलं तर ती डबी बाद. दोन पिचकाऱ्या वेगळ्या ठेवा आणि त्यांवर मार्करने ठळक खुणा करा. पंपाच्या तोंडाला बोट लावायचं नाही, ग्रीस तर नाहीच.

उड्डाणाच्या दिवशी द्रावणं बदलून तीन गोष्टी नोंदवायच्या. पहिली, ओझोनविरहित हवा चालू असताना जो प्रवाह उरतो तो, म्हणजे पार्श्वप्रवाह. तो मायक्रोअँपिअरच्या काही शतांशांएवढाच हवा. दुसरी, प्रतिसादाचा वेळ. ओझोन बंद केल्यावर प्रवाह सुमारे ३७ टक्क्यांवर उतरायला २० ते ३० सेकंद लागतात. फुगा सेकंदाला ५ मीटर वर जातो, म्हणजे २५ सेकंदांत १२५ मीटर. तुमच्या आलेखातला याहून बारीक खाचखळगा खरा मानू नका. तिसरी, पंपाचा वेग. काचेच्या अंशांकित नळीत साबणाचा पडदा सोडून तो १०० मिलिलिटर चढायला किती सेकंद घेतो ते पाहायचं. साधारण २८ ते ३० येतात. एकदाच मोजून भागवू नका, चार-पाच वेळा मोजून सरासरी काढा.

या साबणाच्या पडद्यात गोव्याच्या मुलांना फसवणारी एक गोम आहे. नळीतली हवा साबणपाण्यामुळे ओली होते, म्हणून आकारमान फुगतं. २० अंशांना संपृक्त बाष्पदाब सुमारे २३ हेक्टोपास्कल असतो, म्हणजे अगदी कोरडी हवा पूर्ण ओली झाली तर आकारमान सव्वादोन टक्क्यांहून थोडं जास्त वाढतं. जुलैत वास्कोत सराव केला तर खोलीतली हवा आधीच ओलीचिंब, त्यामुळे ही दुरुस्ती जवळजवळ शून्य येते आणि मुलं ती विसरून जातात. अंटार्क्टिकातल्या तापवलेल्या खोलीत हवा खडखडीत कोरडी असते. तिथे तीच दुरुस्ती विसरली की सगळ्या आलेखात दोन टक्क्यांची चूक शिरली. खोलीची आर्द्रता आणि तापमान वहीत लिहायचंच, इथेही.

डबी थर्मोकोलच्या पेटीत बसवून तिला तापमान, दाब आणि ठिकाण पाठवणारा रेडिओसोंड जोडतात. पेटीतलं द्रावण गोठता कामा नये, म्हणून हिवाळ्यात आत उष्णतेची सोय लागते. फुगा आणि पेटी यांच्यात निदान ३० मीटर दोरी ठेवायची, नाहीतर फुग्याला घासून आलेली हवाच डबीत शिरते.

हिवाळ्यातली खरी डोकेदुखी म्हणजे फुग्याचं रबर. उणे ८० अंशांच्या पुढे ते ठिसूळ होतं आणि फुगा लवकर फुटतो. आपल्याला हवा असलेला पट्टा १५ ते २२ किलोमीटरचा. १६ ला फुटला तर डबी, गॅस आणि सगळ्यांची रात्र वाया. म्हणून फुगे उबेत ठेवतात, काही ठिकाणी सोडण्याआधी तेलात बुडवतात, दक्षिण ध्रुवावर तर हिवाळ्यात रबराऐवजी प्लॅस्टिकचे फुगे वापरतात. हायड्रोजन भरत असाल तर ठिणगीचं नाव नको: मोबाइल बाहेर, कपडे सुती. हेलियम निर्धोक, पण महाग.

प्रवाहापासून पीपीएमपर्यंत

सूत्र एका ओळीचं आहे:

ओझोनचा आंशिक दाब (मिलिपास्कल) = ०.०४३०७ × पंपाचं तापमान (केल्विन) × (प्रवाह − पार्श्वप्रवाह) (मायक्रोअँपिअर) ÷ पंपाचा वेग (मिलिलिटर प्रतिसेकंद)

समजा प्रवाह ३.०० आला, पार्श्वप्रवाह ०.०५, पंपाचं तापमान ३०० केल्विन आणि १०० मिलिलिटरला २८ सेकंद, म्हणजे वेग ३.५७. उत्तर येतं सुमारे १०.७ मिलिपास्कल. बाहेरचा दाब ५० हेक्टोपास्कल असेल तर १०.७ मिलिपास्कल भागिले ५,००० पास्कल, म्हणजे दहा लाखांत सुमारे २.१ भाग, २.१ पीपीएम.

तापमान पंपाचं घालायचं, बाहेरच्या हवेचं नाही. बाहेर १९५ केल्विन असताना तोच आकडा घातला तर ओझोन एका झटक्यात तिसऱ्या हिश्शाने कमी येतो आणि तुम्ही नसलेलं छिद्र शोधून मोकळे होता. वर दाब कमी झाला की पंपाची कार्यक्षमता घटते, त्याचीही तक्त्यातून दुरुस्ती करायची असते. ५० हेक्टोपास्कलला ती किरकोळ, दाब १० च्याही खाली गेला की लक्षणीय.

एकूण थरात भर किती पडली ते पाहायला आणखी एक सोयीचा नियम: पीपीएम × दाबातला फरक (हेक्टोपास्कल) × ०.७८९ = डॉब्सन एकक. ७० ते ४० हेक्टोपास्कलच्या पट्ट्यात २ पीपीएम ओझोन गेला असेल तर २ × ३० × ०.७८९, म्हणजे सुमारे ४७ एकक. एवढी साधी आकडेमोड मनात ठेवली तर दुसऱ्यांच्या दाव्यांची परीक्षाही बसल्या जागी करता येते.

आणि विचित्र आकडा दिसला म्हणून खोडू नका. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावरच्या डॉब्सन यंत्राच्या नोंदींवरून ओझोनची घसरण जाहीर केली, तेव्हा उपग्रहाच्या आकडेवारीत तेच कमी आकडे १८० एककांच्या खाली म्हणून संशयास्पद खूण मारून बाजूला पडलेले होते. खूण मारा, कारण लिहा, आकडा राहू द्या.

भोवऱ्याच्या आत की बाहेर?

उंची किलोमीटरमध्ये मोजणं आता सोडायचं. स्थितांबरातली हवा काही दिवसांच्या काळात पोटेन्शियल तापमानाच्या पृष्ठभागावरून सरकते, म्हणून सगळी तुलना त्या पृष्ठभागांवर करतात. पोटेन्शियल तापमान म्हणजे ती हवा उष्णता न देता-घेता १००० हेक्टोपास्कलपर्यंत दाबली तर तिचं जे तापमान होईल ते: तापमान × (१००० ÷ दाब) चा ०.२८६ वा घात. १९५ केल्विन आणि ५० हेक्टोपास्कलला ते ४५९ केल्विन येतं. ध्रुवीय ओझोनवाले ज्या '४७५ केल्विन' पातळीचं सतत बोलतात, ती याच्या थोडी वर, साधारण १८-१९ किलोमीटरवर.

मग प्रत्येक मोजमापाला विचारायचं: ही हवा भोवऱ्याच्या आतली की बाहेरची? युरोपच्या एरा-५ पुनर्विश्लेषणातून, म्हणजे मागच्या हवामानाच्या जुळवून काढलेल्या नोंदींतून, पोटेन्शियल व्हॉर्टिसिटी (हवेच्या फिरकीचं एक माप) घ्या. भोवऱ्याच्या कडेला ती एकदम चढते. जिथे चढ सर्वांत तीव्र आणि वारेही जोरदार, ती कड. न्यू-आलेसुंदवर भोवरा डुलत असतो. बुधवारी तुम्ही आत असता, पुढच्या बुधवारी बाहेर. दोन उड्डाणांत ओझोन १ पीपीएमने बदलला तर त्यात रसायनाचा संबंध कदाचित शून्य. कडेवरची मोजमापं पहिल्या प्रकल्पात सरळ वगळा. हे माझं मत आहे, सगळे मानत नाहीत, पण नवशिक्याने कडेशी झुंजण्यात अर्थ नाही.

आता ऱ्हास काढा

भोवऱ्याच्या आतली हवा हिवाळाभर थंड होत खाली उतरते. या उंचीला वरच्या हवेत ओझोनचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे ४७५ केल्विनच्या पातळीवर बसून पाहिलं तर काहीही नष्ट न होता ओझोन वाढायला हवा. तो स्थिर दिसला तरी ऱ्हास झालेला असतो.

सरावासाठी काल्पनिक आकडे घेऊ. १ जानेवारीला ४७५ केल्विनवर ३.० पीपीएम. १ मार्चला तिथेच २.४. घट ०.६ वाटते. पण १ मार्चला ४७५ वर असलेली हवा १ जानेवारीला ५०० केल्विनवर होती आणि तिथे तेव्हा ३.४ पीपीएम होता. खरा ऱ्हास १.० पीपीएम. उतरण सोडून दिली तर जवळजवळ निम्मा ऱ्हास तुमच्या हातून निसटला. भोवऱ्यातल्या सगळ्या मोजमापांची सरासरी घेऊन, उतरणीचा हिशोब जोडून, असा फरक काढणं ही पहिली पद्धत. उतरण किती झाली ते उष्णता-उत्सर्जनाच्या गणितातून मिळतं. सुरुवात यानेच करा.

दुसरी पद्धत नायट्रस ऑक्साइडची. हा वायू स्थितांबरात खाली फार हळू नष्ट होतो आणि त्याला क्लोरिनशी देणंघेणं नाही, त्यामुळे तो हवेची ओळख सांगतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला भोवऱ्यातला ओझोन नायट्रस ऑक्साइडच्या समोर मांडा, एक घट्ट वक्र मिळेल. हवा कितीही खाली आली तरी ती या वक्रावरूनच सरकायला हवी. मार्चमध्ये बिंदू वक्राच्या खाली घसरलेले दिसले तर ती उभी दरी म्हणजे ऱ्हास. दिसायला देखणी पद्धत, पण बाहेरची हवा भोवऱ्यात मिसळली तर वक्र स्वतःच वाकतो. म्हणून पहिला वक्र भोवरा पक्का बंद झाल्यावरच काढायचा, नोव्हेंबरच्या घाईत नाही.

तिसरी पद्धत १९९१-९२ च्या हिवाळ्यात युरोपीय मोहिमेत सुरू झाली आणि मला तीच सर्वांत आवडते. तिचं नाव मॅच. पणजी स्टँडवर सकाळी आणि संध्याकाळी डोकी मोजून मधल्या वाटेत किती जण उतरले ते कळत नाही. त्यासाठी त्याच कदंब बसमध्ये बसून जावं लागतं. मॅचमध्ये हेच करतात. एका केंद्रावरून सोंड सोडला की वाऱ्याच्या अंदाजावरून ती हवा पुढचे काही दिवस कुठे जाईल ते काढतात, आणि ती ज्या केंद्राच्या डोक्यावर येणार त्याला कळवतात. तिथले लोक बरोबर त्या वेळी दुसरा सोंड सोडतात. एकच हवा, दोनदा मोजलेली. मधल्या काळात त्या हवेने किती तास ऊन पाहिलं तेही मार्गावरून निघतं. अशा शेकडो जोड्यांत ओझोनची घट उन्हाच्या तासांसमोर मांडली की 'उन्हाच्या दर तासाला इतके पीपीबी (अब्जात इतके भाग)' असा दर मिळतो. आणि अंधाराच्या तासांना? जवळजवळ शून्य. रसायन खरं असल्याचा याहून स्वच्छ पुरावा मी पाहिलेला नाही.

चौथी, म्हणजे रसायनं बंद ठेवून मॉडेलमध्ये ओझोन नुसता वाहू द्यायचा आणि मोजलेला त्यातून वजा करायचा. मॉडेल चालवणारं कोणी ओळखीचं असेल तरच या वाटेला जा.

साक्षीदार तपासा

ऱ्हासाचा आकडा आला की लगेच आनंदू नका. तापमान १९५ केल्विनच्या खाली गेलं होतं का? हायड्रोजन क्लोराइड घटला का? क्लोरिन मोनॉक्साइड वाढला का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर चूक तुमच्या उतरणीच्या हिशोबात आहे, आकाशात नाही. क्लोरिन मोनॉक्साइड बघताना फक्त उजेडातली मोजमापं घ्या. रात्री त्याचे दोन रेणू जोडी करून बसतात आणि उपग्रहाला तो दिसत नाही. अंधारातली मोजमापं सरासरीत मिसळली तर क्लोरिन जागा झालाच नाही असा निष्कर्ष निघेल.

गोव्यातून प्रत्यक्ष सुरुवात

राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र वास्कोत हेडलँड सडा इथे आहे. २०१८ पर्यंत नावात 'अंटार्क्टिक' होतं, त्यामुळे जुन्या कागदांत तसंच सापडेल. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातूनच निघाली होती. एवढं दाराशी असूनही आपली मुलं हा विषय घेत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

पहिल्या प्रकल्पासाठी बर्फावर जायची गरज नाही. न्यू-आलेसुंदचे सोंड जागतिक ओझोन आणि अतिनील माहितीकेंद्रात, म्हणजे टोरोंटोच्या संग्रहात, आणि वातावरणीय बदल टिपणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्याच्या संग्रहात मिळतात. उपग्रहाची माहिती नासाकडे नाव नोंदवून फुकट मिळते. उतरवल्यावर त्याबरोबरची गुणवत्ता-पुस्तिका वाचा आणि त्यात सांगितलेल्या चाळण्या लावा. त्या न लावता काढलेला आलेख कोणाला दाखवू नका.

जोडी सुचवतो: २०१८-१९ आणि २०१९-२०. पहिल्या हिवाळ्यात जानेवारीच्या सुरुवातीलाच स्थितांबर अचानक तापलं आणि भोवरा विस्कटला, ऱ्हास नगण्य. दुसऱ्यात भोवरा मार्चपार टिकला, इतका थंड की १८ किलोमीटरच्या आसपास ओझोन जवळजवळ संपला आणि एकूण थर काही ठिकाणी २२० एककांच्या खाली गेला. अंटार्क्टिकवर छिद्राची सीमा हीच मानतात, कारण १९७९ च्या आधी तिथे त्याहून कमी ओझोन कधी नोंदलाच गेला नव्हता. दोन्ही हिवाळ्यांना एकच पद्धत लावा. २०१८-१९ ला तुमच्या पद्धतीने मोठा ऱ्हास दाखवला तर पद्धत बिघडली आहे. सोंडची अचूकता पाचेक टक्क्यांची असते, तेव्हा ०.१ पीपीएमचा ऱ्हास 'सापडला' असं लिहू नका.

ज्यांना पुढे प्रत्यक्ष जायचंय त्यांनी केंद्राच्या प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. निवड झाली की दिल्लीच्या एम्समध्ये वैद्यकीय तपासणी आणि औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फावरचं प्रशिक्षण. हिवाळी सदस्य वर्षाहून अधिक काळ घरापासून दूर राहतो. घरच्यांशी हे आधीच बोलून घ्या, आणि चवथीला नसणार हेही सांगून टाका.

प्रस्तावात किती फुगे मागायचे हा प्रश्न येईलच. अंटार्क्टिकाला सामान जहाजाने तिथल्या उन्हाळ्यात एकदाच जातं, हिवाळ्यात काही संपलं तर मागवता येत नाही. फुटणारे आणि बिघडणारे धरून हिशोब करा. बहुतेक जण सगळे फुगे ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत ठेवतात, कारण तेव्हा आलेख थरारक असतो. तसं करू नका. आठवड्याला एक तरी फुगा जून-जुलैच्या काळोखात सोडायला राखून ठेवा. तेव्हा काहीच घडताना दिसत नाही, पण 'किती असायला हवा होता' हा आकडा त्याच उड्डाणांतून निघतो.